साडूंचा गॅरेजमधला काढा

बिअर करण्यात एवढा रमलेला आणि बिअर करतो म्हणून एवढा लाजणारा माणूस माझ्या साडूंखेरीज अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. मूळचे नागपूरचे, पेशाने सॉफ्टवेअरवाले, राहणार अल्फारेटा. स्वतः पितात म्हणावं, तर अर्ध्या ग्लासात त्यांचं डोकं दुखायला लागतं. पण आंबवलेली बिअर गॅरेजमधल्या फ्रिजात गोठायच्या बेतात थंड ठेवायची, मग गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि वर नितळ सोनेरी बिअर राहते, हे बघण्यात त्यांना जे सुख आहे ते प्रमोशनमध्येही नाही. एकदा माझी बायको त्या फ्रिजात कोथिंबीर ठेवायला गेली, तर बाळंतिणीबद्दल बोलावं अशा सुरात म्हणाले, "ताई, दार हळू लावा. ती सेटल होतेय." लाज मात्र अशी, की मंडळाच्या कार्यक्रमात कुणी हॉबी विचारली तर हे "गार्डनिंग" सांगून मोकळे होतात. अंगणात एक तुळस आहे, तीही बायकोने लावलेली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचे वडील, म्हणजे आमचे काका, आले. निवृत्त हेडमास्तर, आयुष्यात सुपारीच्या खांडालाही न शिवलेले. नेमकी तेव्हाच फ्रिजात बिअर मुरत होती. "हे काय रे?" काकांनी विचारलं आणि साडूंच्या तोंडून निघून गेलं, "काढा आहे, बाबा. पोटाचा." झालं, काकांना उद्योग सापडला. ऑफिस सुटलं की बापलेक गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून काढा किती नितळला ते बघत बसायचे. ज्या बापासमोर साडू चाळिशीतही उभ्यानेच बोलत, त्याच्याशेजारी बसून ते चक्क गप्पा मारू लागले. काका म्हणत, "बाटल्यांत कधी भरायचा?" हे म्हणत, "अजून मुरू दे, बाबा." या चालढकलीत बिअर इतकी स्वच्छ झाली, की तशी त्यांच्या हातून कधीच झाली नव्हती. मी म्हटलं, "सांगून टाका एकदाचं." तर मान खाली घालून म्हणाले, "सांगितलं तर उद्यापासून माझ्याजवळ कोण बसेल?"

शेवटी काकांनीच धीर सोडला. एका शनिवारी मी आणि साडू किराणा घेऊन आलो, तर त्यांनी मुलाने समजावलेल्या रीतीने बाटल्या धुऊन, नळीने भरून, एकूण एक बुचं दाबून बसवली होती. आणि घरात केलेली नवी वस्तू आधी देवाला, या शिस्तीने चांदीच्या वाटीत तुळशीपान घालून नैवेद्यही दाखवला होता. कडू वास घरभर येत होता, पण काढ्याला वास असायचाच. आम्ही आत शिरलो तेव्हा काका प्रसादाची वाटी ओठांशी नेत होते.

"बाबा, नका घेऊ," साडू म्हणाले. पिशवी अजून हातातच होती. "बिअर आहे ती. मीच करतो."

काकांनी वाटी खाली ठेवली. सगळं ठाऊक असल्यामुळे माझेही कान तापले. कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी पिशवीतल्या भेंड्यांकडे बघत राहिलो. आता काका ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी देवाला हात जोडले.

"माफ करा, महाराज," ते हळू आवाजात म्हणाले. "पोराला मी इतका धाक घातला, की त्याला माझ्याशी खरं बोलता येईना. याची लाज मला वाटायला हवी."

साडू त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मग काकांनी विचारलं, "चांगली झालीय का?"

"मी केलेल्यांत सगळ्यात चांगली."

"होणारच. बुचं मी बसवलीत."

काका नागपूरला परतले. साडू अजून बिअर करतात, पण गॅरेजमध्ये एकट्याने बसायला नको वाटतं म्हणतात. रविवारी फोनवर वडील विचारतात, "सध्या काय चाललंय?" खरं सांगायला साडूंना आजही एक क्षण लागतो. पण सांगतात.