तारेवरची ईद

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला नाही, देवापुढे हात जोडूनही कधी नीट शब्दांत म्हटलं नाही. मुलांना तर भलतंच माहीत आहे — तिथवर येईनच मी. पण आधी सफियाबद्दल सांगते.

सफिया आणि मी बुऱ्हाणपुरात टेलिफोन ऑपरेटर होतो. तेव्हाच्या फोनला नंबर फिरवायची तबकडी नव्हती. कुणी फोन उचलला की आमच्या समोरच्या बोर्डावर खटका पडायचा, आम्ही "नंबर प्लीज" म्हणायचं, आणि तो सांगेल तिथे दोरी खुपसून जोडून द्यायचं. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. नोकरी दोघींचीही तात्पुरती, दर सहा महिन्यांनी वाढवून मिळायची. माझं बरं होतं — लोधीपुऱ्यात घर, वडील शाळेत मास्तर. तिचे अब्बा वारले होते. घरात आई, दोन लहान बहिणी, आणि कमावणारी ही एकटी.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. भिंतींवर एकात्मतेच्या घोषणा रंगवलेल्या असायच्या. त्या वर्षी दिवाळीत आम्ही दोघी मौजेने प्रत्येकाला म्हणत होतो, "शुभ दीपावली, नंबर प्लीज." सफियाचा आवाज माझ्यापेक्षा गोड. लोक खूश व्हायचे. एका शेठजींनी तर मिठाईचा डबा पाठवला होता. साहेबांनी तो आमच्यासोबत बसून खाल्ला.

मग थंडी सरता सरता ईद आली. नमाजानंतरचं घरचं सगळं उरकून सफिया दुपारच्या ड्यूटीला आली. हातावर मेंदी, पितळी डब्यात माझ्यासाठी शीरखुर्मा. पण बोर्डावर बसल्यावर तिचं नेहमीचंच — "नंबर प्लीज."

मी म्हटलं, "अगं, आज ईद मुबारक म्हण ना सगळ्यांना!"

"रहने दे, मालू. दिवाली की बात अलग है."

"अलग कशी काय?"

ती नुसती हसली. तिला कळत होतं — मला कळत नव्हतं, की मी कळून घेत नव्हते?

आणि मी म्हटलं. होय, मी. पुढचा खटका पडला आणि मी म्हटलं, "ईद मुबारक, नंबर प्लीज." सफियाने माझा हात धरला, मान हलवली. मी हात सोडवून घेतला आणि पुढच्यालाही म्हटलं. दहा-पंधरा मिनिटं तरी म्हणत राहिले. एक म्हातारेबुवा म्हणाले, "तुमको भी, बेटी." एकाने काही न बोलता फोन आपटला. मैत्रिणीच्या मायेने केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. माया होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त — मी स्वतःलाच तेव्हा फार आवडत होते.

तिसऱ्या दिवशी लेखी तक्रार आली. सरकारी टेलिफोनवर ऑपरेटर आपल्या धर्माचा प्रचार करते. 'आपल्या धर्माचा' — म्हणजे नाव न घेताही ठरून गेलं होतं.

साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. वाईट माणूस नव्हता. त्यांनी दोघींना समोर उभं केलं आणि सफियालाच विचारलं, "क्यों किया?"

"मैंने नहीं कहा, सर."

"तो किसने कहा? बोर्ड पर तुम दोनों ही तो थीं."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने माझं नाव घेतलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार होतं? मग साहेब माझ्याकडे वळले. "मालतीजी, आप तो बगल में थीं. आपने सुना?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "कान पर हेडफोन था, सर. मुझे कुछ सुनाई नहीं दिया."

साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यांना वाटलं, मी मैत्रिणीला सांभाळून घेतेय. बाहेर आल्यावर हेडक्लार्क हळूच म्हणालेसुद्धा, "मन मोठं आहे हो तुमचं." आणि मी — मी मान खाली घातली. ती विनयाने घातली असं त्यांना वाटलं.

पाण्याच्या माठाजवळ सफियाने मला गाठलं. रडत नव्हती. म्हणाली, "बोल दे ना, मालू. तुझे कुछ नहीं होगा."

"उद्या सांगते," मी म्हटलं.

खरंच होतं तिचं. मला काय झालं असतं? साहेब हसले असते, फार तर दोन शब्द बोलले असते. हिंदूच्या मुलीने ईद मुबारक म्हटलं — गावाने दोन दिवस नवल केलं असतं. माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं, त्याची भीती वाटली, असं मी सांगू शकते. पण ती मागाहून शोधलेली भीती आहे. तेव्हा मला फक्त सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहायला नको होतं. एवढंच. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून मी रजा टाकली. तिसऱ्याही दिवशी टाकली.

तोवर प्रकरण गावात पसरलं. स्थानिक पेपरात पत्रं आली. एका वकीलसाहेबांनी लिहिलं, दिवाळीला चालतं तर ईदला का नको? कुणी उत्तर दिलं, दिवाळी हा धर्माचा सण नाही, देशाचा सण आहे. कुणी म्हणे, सगळेच सण म्हणा, कुणी म्हणे, एकही नको. आमच्या ओट्यावर वडील शेजाऱ्यांना तावातावाने सांगत होते, "सरकारच्या तारेवर कोन्या धरमाचं नाव कायले पाहिजे?" शेजारी म्हणाले, "मास्तर, दिवाळीले तर तुमीच खूश झालते." वडील म्हणाले, "दिवाळीची गोष्ट निराळी."

आत चुलीपाशी बसून मी ते ऐकत होते. हेच वाक्य ईदच्या दिवशी सफिया बोलली होती. गावभर लोक 'ईद मुबारक' या दोन शब्दांवर भांडत होते, आणि ते शब्द ज्या तोंडातून निघाले ते तोंड बंद करून मी भाकरी थापत होते.

वरून हुकूम आला — कुठल्याच सणाच्या शुभेच्छा द्यायच्या नाहीत. आणि महिनाअखेर सहा महिने भरले तेव्हा माझी नोकरी वाढवून मिळाली, सफियाची नाही. ती हेडफोन परत करायला आली तेव्हा मी बोर्डावर होते. खटके पडत होते. मी मागे वळले नाही. पुढे कळलं, ती आई-बहिणींना घेऊन खंडव्याला मामाकडे गेली. मी पत्ता विचारला नाही.

इथे थांबले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. पण ऐका. लग्न झालं, वर्षं गेली, आणि लोकांना ही गोष्ट मी सांगायला लागले. माझ्या गोष्टीत ईद मुबारक सफिया म्हणायची. आणि मी साहेबांपुढे ठामपणे उभी राहून तिला वाचवायला बघायचे. पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं, तेव्हा जीभ अडखळली. मग अडखळेनाशी झाली. दर वेळी सफियाला मी थोडी जास्त उतावळी केलं, स्वतःला थोडी जास्त धीट.

थोरला आठवीत असताना शाळेत राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं होती. मला न सांगता त्याने तीच गोष्ट निवडली. मी पालकांच्या रांगेत बसले होते. "माझ्या आईने नोकरीची पर्वा केली नाही," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "कारण तिची मैत्रीण चुकली होती, पण मैत्रीण होती." सभागृहात टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी मला उभं राहायला सांगितलं.

मी उभी राहिले. सगळ्यांकडे वळून नमस्कार केला.