मोरीचा बोळा आणि मधल्या खोलीतला कापूस

घर बंद करून चार दिवस बाहेर जायचं तर काय काय बंद करायचं, ते मला विचारा. गॅसची टाकी, फ्रिज, मीटरखालचा खटका, अंगणातला नळ, मागच्या दाराची कडी. त्या फेब्रुवारीत आम्ही समुद्र पाहायला विशाखापट्टणमला निघालो, तेव्हा हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलं. सासूबाईंची सत्तरी उलटली तरी त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, आणि नवरा दर वर्षी ‘पुढच्या साली’ म्हणत होता. आम्ही तिघंच जाणार होतो.

मधल्या खोलीत कापूस होता. आमच्या आदिलाबादकडे वेचणी झाली की कापूस घरातच भरून ठेवतात आणि भाव बरा झाला की बाजारात नेतात. त्या वर्षी खोली खिडकीच्या चौकटीपर्यंत भरली होती. पूर्ण वर्षाचं पीक तेवढंच. बाजारात सगळ्यात आधी ओलावा बघतात. ओल लागलेला कापूस पिवळा पडतो, कुबट वास मारतो, मग त्याला कोणी हात लावत नाही.

म्हणूनच मी एक जास्तीचं काम केलं. मधल्या खोलीला लागून मोरी आहे आणि मोरीच्या भोकातून घुशी येतात. एकदा त्या कापसात शिरल्या की तिथंच घर करतात. मी गोणपाटाचा बोळा करून भोकात घट्ट कोंबला, वर वीट ठेवली, आणि निश्चिंत मनानं दाराला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. सासूबाई लुगडं पोटऱ्यांपर्यंत धरून पाण्यात उभ्या राहिल्या. दोन-तीन लाटा येऊन गेल्या तशा म्हणाल्या, “बापा, एवढं पानी! आन् आपल्याकडं एक दिवसाआड. आज आपला पान्याचा दिवस हाय नं? ड्रम भरून राह्यला असन.”

“कोणता ड्रम?”

“मोरीतला. नळी टाकून आली मी. चार दिवसांनं घरी गेल्यावर हातपाय धुवाले पानी पाह्यजे का नाई?”

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी सकाळी येतं, कधी दुपारी. त्याची वाट पाहत कोण बसणार? म्हणून नळ कोणी बंदच करत नाही. अंगणातल्या नळाला प्लास्टिकची नळी लावायची, मोरीच्या खिडकीतून ती ड्रममध्ये सोडायची आणि आपल्या कामाला लागायचं. ड्रम भरला की जास्तीचं पाणी मोरीतून नालीत जातं. सासूबाईंनी रोजचंच केलं होतं.

“आई, नळ मी बंद केला होता,” मी म्हणाले.

“मंग म्या सुरू केला.”

नवरा मक्याचं कणीस खात उभा होता. तो म्हणाला, “मी बंद केला. निघताना पाह्यलं तर नळी लागून होती. पकडीनं फिरवला.”

“कोणीकडे फिरवला?”

“बंद होते तिकडं.”

“तिकडं म्हणजे कोणीकडं?”

त्यानं हवेत मनगट फिरवलं. आधी उजवीकडे, मग थोडा विचार करून डावीकडे.

आमच्या नळाचा दांडा मागच्याच वर्षी तुटला होता. उरलेलं लोखंडी बोंड पकडीनं फिरवावं लागायचं. एका वेळी ते थोडंच फिरतं, आणि बंद असो की चालू, सारखंच दिसतं. पाणी येत असलं तर कळतं, पण आम्ही निघालो तेव्हा नळ कोरडा होता. म्हणजे तिघांनी एक-एकदा बोंड फिरवलं आणि काय झालं ते तिघांपैकी कोणालाच दिसलं नाही. मी वाळूत नळ काढला. नवऱ्यानंही काढला. त्याचा माझ्या उलटा निघाला, कारण तो म्हणे रस्त्याकडे तोंड करून उभा होता. सासूबाई दोन्ही चित्रांकडे पाहून म्हणाल्या, “मी तं वाकून केलं.”

इथपर्यंत मला नुसता राग आला होता. मग मोरीतला बोळा आठवला.

“मोरीचं भोक मी बुजवलं आहे,” मी सांगितलं.

“काऊन?” सासूबाईंनी विचारलं.

“घुशी येऊ नयेत म्हणून. कापसात जातात.”

त्या म्हणाल्या, “घूस किती खाते, आन् पानी किती खाते!”

मी शेजारणीला फोन लावला. ती तेलुगू बोलणारी, पण वीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिल्यानं मराठीही बोलते. मी तिला अक्का म्हणते, ती मला वदिना म्हणजे वहिनी म्हणते.

“अक्का, पाणी आलं का?”

“आलं ना वदिना. अर्धा घंटा झाला.”

“आमच्याकडून पाणी पडल्याचा आवाज येतो का?”

“येतो.” मग जरा थांबून, “नाही नाही, हा माझाच नळ.”

“तुमचा बंद करा आणि ऐका.”

ती गेली, परत आली. “आता पण येतो. पण पलीकडच्यांचा असेल. सगळ्यांकडेच पाणी आहे, काय समजणार?”

किल्ल्या माझ्या पर्समध्ये, आणि मी समुद्रावर. मी म्हणाले, “फाटकाचं कुलूप तोडा.”

नवरा मध्येच बोलला, “अवं, नवं कुलूप हाय ते!”

“तुम्ही समुद्र पाहा,” मी म्हणाले.

अक्काच्या नवऱ्यानं कुलूप तोडलं आणि पकड घेऊन नळापाशी गेला. तिकडून त्यानं विचारलं, “कोणत्या बाजूला फिरवू?” मी आणि माझा नवरा एकदम बोललो, आणि दोघांनी वेगवेगळ्या बाजू सांगितल्या. अक्का ओरडली, “एकजण बोला!”

तेव्हा कुठे मला सुचलं. खरं तर सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं. “नळी ओढून काढा. पाणी पडतं का पाहा.”

नळी काढल्याबरोबर पाणी धो धो पडलं, त्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. नळ चालू होता. तिघांपैकी कोणीतरी उलटा फिरवला होता. मी, सासूबाई की नवरा, याचा मी तेव्हा विचार केला आणि नंतरही केला. उत्तर मिळालं नाही. नवरा आजही म्हणतो की मी नव्हतो.

अक्काच्या नवऱ्यानं दोन्ही बाजूंना फिरवून पाहून नळ बंद केला. मग घराचंही कुलूप तोडायला लावलं. थोड्या वेळानं अक्काचा फोन आला. मोरीत पाणी भरून उंबऱ्यावरून मधल्या खोलीत गेलं होतं. बोटभर पाणी होतं. कापसाखाली ताडपत्री होती, पण पाणी तिच्यावरून पसरलं होतं. तिनं बोळा काढला, पाणी जाऊ दिलं, आणि समोरच्या कडेचा कापूस आपल्या गच्चीवर टाकला. “वरचा कोरडा आहे वदिना,” ती म्हणाली. “आतलं मला समजत नाही.”

आम्ही मिळेल त्या गाडीनं परत निघालो. सासूबाईंचा समुद्र एका सकाळीत आटोपला.

घरी आल्यावर मी चप्पल काढून थेट खोलीत गेले आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत गार लागलं. कापूस आतून गारच असतो. पण ओला कापूसही गार लागतो. हात काढून कोरडा पुसला, दुसरीकडे घातला. तिथंही गार. नवऱ्यानं हात घातला.

“कोरडा हाय,” तो म्हणाला.

सासूबाईंनी घातला. “वला हाय.”

“कुठं?”

“इथं. नाई, इथं. थांब, मले आता सगळीकडंच वला लागून राह्यला.”

मी परत हात घातला. आता तर मला माझा हातच ओला वाटत होता. नवरा म्हणाला की वरवरचा काढू, आतला राहू दे, उगाच कशाला? मी मूठभर काढून पिळून पाहिला, वास घेतला, खिडकीशी नेऊन धरला. पांढराच दिसला. म्हणजे कोरडा, की अजून पिवळा पडायचा होता, ते कळलं नाही.

मग मी पदर खोचला, घरातल्या सगळ्या चादरी काढल्या आणि अक्काला हाक मारून गच्ची मागितली. सगळाच कापूस उन्हात वाळवायला बाहेर काढायचा होता, अगदी भिंतीपर्यंत.