तिनं सांगितलं होतं

माझ्या हातातला केसपेपर त्यानं ओढून घेतला. पेशंटच्या समोर. सरांच्या समोर. तुकडीतल्या सगळ्या पोरांच्या समोर.

"तू बोलून संपवेपर्यंत ही बाई बरी होऊन घरी जाईल," अविनाश म्हणाला. सगळे हसले. सरही गालातल्या गालात हसले. मीसुद्धा हसलो. ते सगळ्यात वाईट.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झालेली. माझं डॉक्टरकीचं चौथं वर्ष. कॉलेज मुंबईत, पण वॉर्डात शिकायला आमच्या तुकडीला ठाण्यातल्या एका इस्पितळात पाठवलेलं. अविनाश नौपाड्यातल्या वकिलाचा मुलगा. हुशार. खरंच हुशार, ते नाकारून काय करू. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार. तेही इंग्रजीत, न अडखळता.

मी बाळकुमचा. आगरी. बाप मिठागरात, आई मिठागरात. उत्तर मलाही यायचं. पण आधी घरच्या बोलीत यायचं, मग पुस्तकी मराठीत, मग इंग्रजीत. तोवर अविनाश बोलून मोकळा. वर विचारायचा, "काय रे मिठागर, झोपलास का?" तेच माझं नाव पडलेलं. मी त्या नावाला ओ देत होतो.

ती बाई कोपरीची. मिठागरातच राबणारी. राऊंडच्या आधी तासभर मी तिच्या खाटेशी बसून हकीकत लिहून घेतलेली. हळू आवाजात, माझी बोली कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून.

"मना घास चावाला येत नाय," ती म्हणाली. "जबरा आवलल्यासारका वाटतं."

मी लिहिलं, जबडा आवळतो. मग तिनं पायाची चिंधी सोडून दाखवली. आठ दिवसांपूर्वी होडीच्या फळीतला गंजका खिळा टाचेत घुसलेला, तिनं सांगितलं. ते मी पेपरच्या शेवटच्या ओळीत लिहिलं. अशा जखमेनंतर दातखीळ बसून मेलेली माणसं मी लहानपणी आमच्या आळीत पाहिलेली. मला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

राऊंडला पेपर ओढून घेतल्यावर अविनाशनं वरच्या दोनच ओळी वाचल्या. तिच्या तोंडात बॅटरी मारली.

"घशात गळू झालंय, सर. म्हणून तोंड उघडत नाही."

सरांना ऑपरेशनला जायची घाई. "गुड," म्हणाले. वळता वळता विचारलं, "कुणाला आणखी काही सांगायचंय?" माझ्याकडेही बघितलं. बाई तर माझ्याकडेच बघत होती.

मी मान हलवली. नाही.

तिला गुळण्या दिल्या, गोळ्या दिल्या. दोन दिवस मी त्या खाटेकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात कुणाच्या तरी हातून भांडं पडलं आणि त्या आवाजासरशी ती कमानीसारखी वाकली. धनुर्वात. मग सगळे धावले. अंधार पडायच्या आत ती गेली.

पुढच्या सोमवारी सरांनी त्या केसवर चर्चा ठेवली. मांडायला अर्थातच अविनाश. लक्षणं, कारणं, उपचार, सगळं धडाधड. शेवटी म्हणाला, "जखम झाल्याचं पेशंटनं सांगितलंच नव्हतं, सर. ही माणसं काही सांगतच नाहीत."

ही माणसं.

मी उभा राहिलो.

"खोटं आहे. तिनं सांगितलं होतं."

"इंग्लिश, प्लीज," सर म्हणाले.

"नाही सर. ती ज्या बोलीत बोलली, त्याच बोलीत सांगणार."

आणि तिचं वाक्य न् वाक्य मी तसंच म्हटलं. 'मना' म्हटल्याबरोबर मागून कुणीतरी फिसकन हसलं. मी थांबलो. हसू संपेपर्यंत थांबलो. मग पुढचं बोललो. खिळा. टाच. आठ दिवस. पेपरची शेवटची ओळ. सरांनी पेपर काढून वाचला. अविनाश पांढराफटक पडला.

"मग त्याच दिवशी का नाही बोललास?" सरांचा आवाज चढला.

"घाबरलो होतो. माझा गुन्हा आहे. पण तिनं सांगितलं नाही असं कुणी म्हणायचं नाही."

सरांनी माझ्या नावापुढे 'उद्धट' असा शेरा मारला. त्या टर्मला मला नापास केलं. सहा महिने पुन्हा काढावे लागले. अविनाशला काही झालं नाही. तो पास होऊन पुढे गेला. मला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. नाही वाटलं.

त्या चर्चेनंतरच्या रविवारी मी चालत कोपरीला गेलो. तिचा नवरा दारात जाळं विणत बसलेला. मी उभ्या उभ्या आगरीत सगळं सांगितलं. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो, हेही सांगितलं. त्याचे हात थांबले.

"तू तर आपलाच ना रं? मंग बोललास का नाय?"

तो उठला, आत गेला. परत बाहेर आला नाही. मी निघालो.

हुशार पोरानं माझं हसं केलं, हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. गरिबी, इंग्रजी, भीती, यातलं काहीच त्याच्यापुढे टिकत नाही. ती बाई मेली ती मेली.

पण त्या दिवसापासून एक ठरलं. उशिरा बोलेन, अडखळत बोलेन, आगरीत बोलेन. बोलेन. माझ्या तोंडावर कुणाचा हात पडू देणार नाही. माझा स्वतःचासुद्धा.