भाऊजींचे हरिकेन

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझे धाकटे दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, स्टोव्ह जरा बंद करता?" मी घाबरून हवा सोडली. त्यांनी स्टोव्हला पिन केली, पुन्हा पेटवला, खिशातून लांबसा स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचे टोक टाकीला टेकवले आणि लाकडी मूठ कानाला लावली. डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "आता बरा बोलतोय," आणि निघून गेले. नव्या नवरीने मोठ्याने हसायचे नसते, म्हणून मी पदर तोंडात धरला.

पुढे सवय झाली. विहिरीवरचा रहाट असो, शेजारच्यांचे शिवणयंत्र असो, जे म्हणून फिरते त्याला भाऊजी कान लावत. "यंत्र आधी बोलतं आणि मग बिघडतं. आपलं लक्ष नसतं, एवढंच," असे ते म्हणत. बोलायला लागले की हातातल्या फडक्याने बोटे पुसत राहायचे. बोटे स्वच्छ असली तरी.

यशवंत त्यांचे नाव. महायुद्धात ते हवाई दलात फिटर होते, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर. लढाऊ विमानांची इंजिने त्यांच्या हाताखाली असत. परत आले ते ठाण्यात एका कुलपांच्या कारखान्यात लागले. खोपटच्या बस डेपोतून त्यांना बोलावणे आले होते. इंजिनातला जाणता माणूस तेव्हा सहज मिळत नसे. पण ते गेले नाहीत. आमचे हे, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, एकदा जेवताना म्हणाले, "अरे, कुलपं करायला तूच कशाला हवास? डेपोत मान आहे, बढती आहे." भाऊजी म्हणाले, "कुलूप बिघडलं तर दार उघडत नाही, दादा. त्यापलीकडे काही होत नाही." आणि अर्ध्या ताटावरून उठले. 

मागच्या पडवीत त्यांनी एक बाक टाकले होते. तिथे ते विमान करत. खेळण्यातले नव्हे. युद्धात ते ज्याची देखभाल करत, त्या हरिकेन जातीच्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती, पाळण्यातल्या मुलाएवढी लांब, सगळी धातूची. कल्याणजवळ नेवाळीला युद्धात धावपट्टी झाली होती. ती मोडली तेव्हा भंगारवाल्यांकडे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ढीग पडले. त्यातले तुकडे भाऊजी सायकलवरून घेऊन आले होते. पत्र्याला साबण चोळून ते शेगडीवर धरत. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला, असे ते गणित. मग लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीने हलके हलके ठोकत त्याला पंखाचा बाक देत. ॲल्युमिनियमला कथलाचा डाग धरत नाही, म्हणून सगळे जोड बारीक रिव्हेटचे. त्या रिव्हेट ते तारेच्या करत. माझा धुण्याचा साबण महिना संपायच्या आत संपायचा तो यामुळे.

पाहणाऱ्याला वाटावे, काय सुंदर छंद आहे. मलाही तसेच वाटे. पण पुढे लक्षात आले की पंख, शेपूट, चाके सगळे होत होते, इंजिनावरचे झाकण मात्र होत नव्हते. ते बसवायचे, दोन दिवस पाहायचे आणि काढून फेकून द्यायचे. बाकाखाली अशी किती तरी झाकणे पडली होती. एकदा झाडताना मी विचारले, "यात काय वाईट आहे हो, भाऊजी?"

"बंद केलं की आत काय चाललंय ते दिसत नाही," ते म्हणाले. मी केरसुणी उचलून आत गेले.

एका रविवारी सकाळी दारात एक बाई आल्या. नऊवारी नेसलेल्या, ताठ, केस पांढरे. सोबत चाळिशीचा मुलगा. "यशवंतराव इथेच राहतात ना? मी ठाण्याहून आले. टेंभी नाक्यावर असते. चौबळ."

पडवीतली मोगरी थांबली.

चौबळबाईंचा धाकटा मुलगा मधुकर वैमानिक होता. सरहद्दीवरून एका सकाळी त्याचे विमान उडाले आणि डोंगरांपलीकडे गेले ते आलेच नाही. काही सापडले नाही. भाऊजी त्याच तुकडीत होते, हे बाईंना भाऊजींच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून कळले होते. भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. त्यांनी नमस्कार केला आणि उभेच राहिले. बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून पडवीत गेली.

"ते काय आहे?"

"विमान," भाऊजी म्हणाले. "मधुकर चालवायचा, ते."

बाई पडवीत गेल्या. हात लावला नाही. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "माझ्याकडे त्याचे फोटो आहेत, पण सगळे चेहऱ्याचे. तो कशात बसून जायचा ते मी कधी पाहिलंच नाही. हे पूर्ण झालं की मला दाखवाल? दसरा झाला की मी मुलीकडे नागपूरला कायमची जाणार. त्याच्या आधी."

भाऊजी "हो" म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. भाऊजी कारखान्यातून येत आणि अंधार पडेपर्यंत बाकावर बसत. जे हात काळ्या दोऱ्याएवढी रिव्हेट न चुकता बसवायचे, ते चुकू लागले. एका पंखाचा पत्रा फाटला, तो पुन्हा केला. जेवताना कुणी बोलले तर ऐकू जात नसे. आमचे हे म्हणाले, "त्या बाईंना सरळ सांगू या, होत नाही म्हणून." भाऊजी म्हणाले, "दादा, त्यांनी मला एक गोष्ट अजून विचारलेली नाही. विमान घेऊन गेलो की विचारतील." मग यांनाही काय ते समजले असावे, कारण पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

नवरात्रात झाकण बसले. भाऊजींनी विमान जुन्या धोतरात गुंडाळले आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही चला माझ्याबरोबर. मी एकटा गेलो तर दारातून परत फिरेन."

टेंभी नाक्यावर नवरात्राची गर्दी होती, वाजंत्री चालू होती. चौबळबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि विमान मांडीसमोर पाटावर ठेवायला सांगितले. मोठा मुलगा वसंतराव भिंतीला टेकून उभा राहिला. भाऊजींनी वरची काच सरकवून दाखवली. आत बसायची जागा, समोर गोल कडे असलेला दांडा. दांडा हलवला की पंखांच्या कडा वरखाली होत.

"इथे बसायचा?"

"हो. उंच होता, मान जरा वाकवून बसावं लागायचं."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू आले. "घरातही दाराला डोकं आपटायचा." मग त्यांनी शेपटीकडच्या अंगावर बोट टेकवले. "हे सगळं असं पत्र्याचंच?"

 भाऊजींना खोटे बोलता येत नसे. "पुढचं अंग पत्र्याचं. मागचं कापडाचं. वर लेप द्यायचे, मग ते ताठ व्हायचं. मी इथे पत्रा घातला, कापड टिकत नाही म्हणून."

"कापडाचं," बाई हळूच म्हणाल्या. "कापडात बसून गेला." बोट तिथेच राहिले. मग मान वर न करता त्यांनी ते विचारले. "त्या दिवशी काय झालं होतं?"

भाऊजी बोटे पुसू लागले. हातात फडकेही नव्हते.

"आदल्या दिवशी मधुकर म्हणाला होता, इंजिन मध्येच एक ठोका चुकतंय. मी चालवून पाहिलं. कान लावून ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही. खोलून बघायला हवं होतं. पण सकाळी सगळी विमानं तयार हवी होती, वरून घाई होती. त्यानं विचारलं, काय रे, जाऊ ना? मी म्हटलं, जा, ठीक आहे. तो माझ्या शब्दावर गेला."

वसंतराव भिंतीपासून सुटून पुढे आले. "आणि हे तुम्ही आज सांगताय? इतक्या वर्षांनी? विमानं करताय, खेळणी करताय, आणि माझा भाऊ..."

"वसंता," बाई म्हणाल्या.

"त्याच इंजिनामुळे गेलं का, ते मला माहीत नाही," भाऊजी म्हणाले. "गोळी लागली असेल, ढगात डोंगर दिसला नसेल. कुणालाच कळलं नाही. पण मी खोलून बघितलं नव्हतं, हे मला माहीत आहे."

खाली वाजंत्री वाजतच होती. बाईंनी काच पुन्हा सरकवून बंद केली. फार सावकाश. "आज तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "आज मला काही बोलता येणार नाही."

विमान तिथेच ठेवून आम्ही जिना उतरलो. घरी येताच भाऊजी पडवीत गेले. बाकावरची हत्यारे त्यांनी पेटीत भरली आणि पेटी माळ्यावर टाकली. स्टोव्ह फरफरू लागला तरी ते स्वयंपाकघरात येईनात. रात्री झोपत होते की नाही, देव जाणे. आमचे हे त्यांना कारखान्यात पोहोचवून मग स्वतःच्या कचेरीत जाऊ लागले. त्यांना एकटे सोडायचे नाही, असे आम्ही दोघांनी न बोलता ठरवले होते. दसरा आला तसा गेला. मला वाटले, बाई नागपूरला गेल्या, आता हे असेच राहणार.

एका दुपारी मी अंगणात वाळवण गोळा करत होते, तर फाटकाशी टांगा थांबला. चौबळबाई उतरल्या. हातात धोतरात गुंडाळलेले विमान. वसंतराव टांग्यातच बसून राहिले. आत या म्हटले तर मान हलवून नाही म्हणाले.

भाऊजी त्या दिवशी घरी होते. विमान पाहताच ते भिंतीला धरून उभे राहिले. परत करायला आल्या, असेच त्यांना वाटले. मलाही.

बाईंनी गाठ सोडली. एक चाक वाकले होते आणि पुढचा पंखा अडकला होता. "सामान बांधताना कपाटावरून पडलं," त्या म्हणाल्या. "नीट करून दे."

'दे' म्हणाल्या. तोवर त्या त्यांना अहो-जाहो करत होत्या.

भाऊजी हलेनात. "मी?" एवढेच म्हणाले.

"मग कोण? बाबा, मी खूप विचार केला. तुला माफ केलं असं म्हणता येत नाही, कारण काय झालं ते मला माहीत नाही. दोष देते असंही म्हणता येत नाही, त्याच कारणानं. वसंता अजून रागावलेला आहे, त्याला मी काही सांगणार नाही. पण हे पडलं तेव्हा दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला द्यावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तेवढं तुला सांगायला आले. गाडी संध्याकाळची आहे, तेवढ्यात कर."

माळ्यावरची पेटी मीच काढून दिली. बाई पडवीत पाटावर बसल्या. भाऊजींनी झाकणाच्या रिव्हेट एकेक करून काढल्या, इंजिन उघडे केले, पंख्याचा दांडा सरळ केला, चाक ठोकून घेतले. मोगरीचे पहिले दोन ठोके वाकडे पडले, मग हात बसला. वेळ जात होता, टांगेवाला दोनदा हाका मारून गेला. भाऊजींनी घाई केली नाही. सगळे पुन्हा तपासून मगच झाकण लावले. बाईंनी बोटाने पंखा फिरवला. तो भिरभिरत राहिला. मग त्या उठल्या, विमान उराशी धरले आणि भाऊजींच्या डोक्यावरून हात फिरवून टांग्यात जाऊन बसल्या. भाऊजी पडवीत बसून रडले. मी आतून दार लोटून घेतले.

नवे वर्ष लागल्यावर ते आपण होऊन खोपटच्या डेपोत गेले. मला वाटले होते, तिथे ते खुश असतील. तसे नव्हते. पहिले काही महिने घरी येत ते घामेजून. घाटात जाणारी प्रत्येक गाडी परत आली का, याची चौकशी केल्याशिवाय निघत नसत. "भीती जात नाही, वहिनी," एकदा म्हणाले. "पण भीती घेऊनही हात चालतात, हे कळलं."

त्यानंतर दुसऱ्या वर्षी मी तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी नाशिकला निघाले. गाडी खोपटहूनच सुटणार होती. भाऊजींनी मला खिडकीजवळ जागा करून दिली, बाळाचे टोपडे नीट केले, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलले. मला वाटले, गाडी सुटेपर्यंत थांबतील. इंजिन सुरू झाले, मी हात हलवायला म्हणून बाहेर वाकून पाहिले. भाऊजी तिथे नव्हते. शेजारच्या गाडीखाली ते केव्हाच शिरले होते, आणि बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.