तासाला सहा आंबे

माझा लाकडी आंबा चावून बांद्याच्या एका माकडाने दोन दात मोडले, हे मी सावंतवाडीत निदान हजार वेळा सांगितलं असेल. दर वेळी मोडलेले दात वाढत गेले. शेवटी त्या माकडाला कवळी बसवायची वेळ आली. शेटच्या खेळण्यांच्या कारखान्यात मी रंगारी होतो. तासाला चाळीस आंबे रंगवतो, ही माझी दुसरी थाप. शेट ऐकून खूश. मोजायला फुरसत कोणाला होती!

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझा बालपणापासूनचा मित्र कॉलेजात गणित शिकवायचा. तिथे कम्प्युटर आला आणि याला झपाटलं. पडद्यावर नुसत्या चौकटी, स्प्रेडशीट म्हणे. एका चौकटीत आंबे किती, दुसरीत भोवरे किती, खाली माझ्या हातांचे रोजचे आठ तास. वरचे आकडे बदलले की खालचा नफा आपोआप बदले. आठ तासांत बसेल असा सगळ्यात मोठा नफा शोधायचा. शेटने त्याला ते काम दिलं.

तो संध्याकाळी घरी आला. "माका खरो आकडो दी रे. कोणाक कळाचो नाय."

जन्मात एकदाच खरं बोललो. "सहा. देठाकडचो लाल रंग उतरवताना हल्ली हात थरथरता."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला हलकं वाटलं.

आठवड्याने तो छापील कागद घेऊन कारखान्यात आला आणि सगळ्यांसमोर त्याने तो वाचला. आंबे शून्य. सगळे भोवरेच करावेत. कारण, आंबे तासाला सहाच होतात.

शेट माझ्याकडे वळला. "सहाच? मगे बाकीचे चौतीस खंय गेले रे?"

"माकडान खाल्ले."

सगळे खो खो हसले. मित्रही हसला. बाकीच्यांचं सोडा, तो हसला.

माझा कुंचला गेला. लेथवर फिरत्या भोवऱ्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की झाला रंग. त्यासाठी श्वास रोखावा लागत नाही.

पुढच्या हंगामात तो वही घेऊन पुन्हा दारात उभा. "भोवरे तासाक किती?"

"दोनशे."

"खरो आकडो?" असं त्याने विचारलं नाही. मान खाली घालून दोनशे लिहिले, वही मिटली आणि चहा न घेता गेला.