खर्रा घोटून होईपर्यंत

नाकाडोंगरी सोडली त्या सकाळी माझ्याजवळ दोन बॅगा, पुण्याच्या नोकरीचं पत्र आणि शेजारच्या वैशालीची फाइल होती. बॅगा माझ्या. फाइल आत्याबाईने सोपवलेली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, गावातली पहिली बीए. ती भंडाऱ्याला शिकायला गेली तेव्हा गाव वर्षभर आजोबांशी बोललं नव्हतं. पुढे ती मास्तरीण झाली आणि बारावी झालेल्या पोरींना कॉलेजात धाडा, म्हणून घरोघर फिरली. लोक तोंडावर 'बाई' म्हणत, माघारी 'पोरी बिघडवणारी'.

तिची एक रीत होती. रोवणीच्या दिवसांत बाप धानाच्या बांधीत असतो. तेव्हा आईची सही घ्यायची आणि नागपूरच्या वसतिगृहाची फाइल गुपचूप धाडायची. लागलेला नंबर सोडायला बापाचाही जीव होत नाही. "नंबर लागेपर्यंत तोंड बंद ठेव, राजा," ती मला म्हणाली. माझ्या तोंडाचा भरवसा तिला कधीच नव्हता.

बस उशिरा होती. गाव सोडणाऱ्याने पानठेल्यावर खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खिलवायचा, ही आमच्याकडची पद्धत. आणि खर्रा घोटून होईपर्यंत काहीतरी बोलावं लागतं. पोट्ट्यांनी विचारलं, साहेब झाला, आता गावासाठी काय करशील? मी फाइल थोपटली. "सुरुवात करून राहिलो ना. वैशालीले नागपूरले शिकायले धाडून राहिलो."

कोणी हसलं नाही. मागे वैशालीचे वडील, डोमाजीकाका, सायकल धरून उभे होते. पाय चिखलाने भरलेले. त्यांनी सायकल वळवली ती आमच्या घराकडे. तेवढ्यात बस आली आणि मी चढलो. शूराला खिडकीची जागा मिळाली.

पुढचं आईने फोनवर सांगितलं. काका अंगणात उभे राहिले, पाणी घेतलं नाही. एवढंच बोलले, "बाई, माही पोरगी कुठं चालली, ते मले पानठेल्यावर समजावं?" आत्याबाईने पाण्याचा गडू तसाच आत नेला.

फाइल मी वाटेत नागपूरला पोचवली. नंबरही लागला. तोवर वैशालीचं लग्न जमलं होतं.

तुम्ही गाव सोडलेली माणसं, तुम्हाला ठाऊक आहे, शहरात आपण गावाचे किस्से विकतो. मीही टीममध्ये हा किस्सा रंगवून सांगायचो, शेवट गाळून. बॉससुद्धा हसायचा.

याला सहा वर्षं झाली. यंदा वैशालीची धाकटी बहीण पल्लवी बारावी झाली आणि स्वतःच आत्याबाईकडे फॉर्म घेऊन आली. डोमाजीकाकांचा निरोपही आला: बाई या वेळी दारात आल्या, त मी त्यांचं वय नाही पायणार. आई म्हणते, ते हल्ली ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहत असतात.

आत्याबाईचे गुडघे गेलेत. काल फोनवर म्हणाली, "यंदा लपवाछपवी नाही. सरळ बापासमोर जाऊन राहिली मी. तू येशीन?"

तिकीट काढलंय. एके काळी घर म्हटलं की आईच्या हातचं जेवण आठवायचं. आता डोमाजीकाकांचं अंगण दिसतं. तिथे आत्याबाईच्या आधी मला बोलायचं आहे, की चूक माझी होती. वैशाली माहेरी आली आहे म्हणे; तीही दारात असेल. जन्मभर बडबडलो, पण हे एक वाक्य अजून तोंडातून निघालेलं नाही.