नांदगावच्या हौदात माझी बुडी

अकोल्याहून अमरावतीची गाडी सुटली तेव्हा कंडक्टरचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. नवी पांढरी साडी आणि टॉवेल वर डोकावत होते.

"आजी, लग्नाले का?"

"नाही रे, बाप्तिस्म्याला."

"नातवाच्या?"

"माझ्याच."

त्यानं तिकीट काढलं आणि तो पुढं सरकला. शेजारी आमचे 'हे' खिडकीकडे तोंड करून हसत होते.

मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी. यांच्याशी, म्हणजे अकोल्याच्या एका ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केलं. यांच्याबरोबर दर रविवारी चर्चला गेले, गायले, येशूपाशी मन मोकळं करायला शिकले. बाप्तिस्मा मात्र घेतला नाही. कोणी विचारलं की ऐटीत सांगायची, "धुळवडीच्या आदल्या दिवशी पांढरी साडी कोण धुतं? पापं अजून व्हायचीच आहेत. शेवटी सगळी एकदाच धुऊन घेईन." स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश असायची, की सासूबाईंचा टोमणासुद्धा पचवला. त्या म्हणायच्या, "अवं, शेवट काय तार करून येनार हाये?"

या हुशारीचा एक तोटा मात्र होता. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचं ताट फिरतं. भाकरीचे तुकडे, द्राक्षरसाचे चिमुकले पेले. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं. यांनी घेतलं की ताट माझ्या हातात यायचं आणि मी ते पलीकडच्या बाईला द्यायची. वर्षानुवर्षं. तरुण होते तेव्हा वाटायचं, त्यात काय एवढं! यंदा यांची बायपास झाली. ऑपरेशन थिएटरबाहेर बसले आणि तेच ताट डोळ्यांपुढून हलेना. एका ताटातलं आम्ही दोघांनी कधी घेतलंच नव्हतं, आणि आता राहूनच जातं की काय?

मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. दोन्हीकडे तुरीची शेतं पिवळ्या फुलांनी भरलेली. अमरावतीला उतरून आधी गिला वडा बांधून घेतला (दह्यात भिजलेला उडदाचा वडा, वरून आंबटगोड चटणी, माहेरचा माणूस तो खाल्ल्याशिवाय पुढं जात नाही). मग नांदगाव खंडेश्वरची गाडी लागली आणि माझ्यातली कॉलेजकन्यका जागी झाली. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली. आत जाऊन बघते तर रुमालावरच बसलेली हिरव्या लुगड्यातली एक दणकट बाई.

"ही माही जागा हाये, बाई. थैली ठेवून पानी प्याले गेल्ती."

"मला चक्कर येते हो. खिडकी नसली की उलटीच होते," मी म्हणाले. आयुष्यात मला गाडी लागलेली नाही.

बाई उठली. यांना मागं कुठंशी जागा मिळाली. ती मात्र दांड्याला धरून उभी राहिली आणि मी खिडकीचा वारा खात अख्खा गिला वडा संपवला. मनात म्हटलं, दोन तासांत हेही धुतलं जाणारच आहे!

नांदगावच्या अलीकडे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, शेत. पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायची आमच्या मंडळीची रीत, आणि चर्चमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून दर हिवाळ्यात इथल्या विहिरीशेजारच्या सिमेंटच्या हौदात तो होतो. पोचलो तेव्हा बांधावर रोडगे भाजत होते (कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवातले). आमच्याच गाडीतून उतरून, आडवाटेनं आधी पोचून ते उलटवायला बसली होती हिरव्या लुगड्यातली तीच बाई. पाळकसाहेबांची थोरली बहीण!

"आल्या का चक्करवाल्या?" ती म्हणाली. "पानी घालू का डोक्यावर, का हौदातच घ्यान?"

हे इतके हसले की मला त्यांच्या टाक्यांची काळजी वाटली.

मी हौदाच्या कडेला उभी राहिले. पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात. बाप्तिस्म्याच्या शिकवणीत मी नुसत्या माना डोलावल्या होत्या हे त्यांना ठाऊक असावं. "काकू, शेवटचं विचारतो. कशासाठी घेताय?"

"धुणं फार साचलंय," मी म्हणाले.

"पाण्यानंच पापातून तारण होत असतं तर मी गावोगाव टँकर नसता का लावला? तारण प्रभूच्या कृपेनं होतं, आपण विश्वासानं ते घ्यायचं. येशूशेजारी वधस्तंभावर मरताना तरलेल्या चोराला कुठं मिळालं होतं पाणी?"

"मग मला कशाला बुडवता?" वकिलाची मुलगी बोललीच.

"सरकी डब्यात ठेवली तर स्वच्छ राहते, काकू, पण उगवत नाही. तिला पुरावंच लागतं. हे धुणं नव्हे. जुन्या तुम्हाला ख्रिस्ताबरोबर पुरायचं आणि नव्या तुम्हाला त्याच्याबरोबर उठवायचं, तेही चार माणसांदेखत. आणि उठल्यावर जगायचं असतं. तुम्ही तर ते जगणंच शेवटावर टाकलंत."

मी वळून यांच्याकडे पाहिलं. लग्नापासून एकदाही आग्रह न केलेला हा माणूस म्हणाला, "तुले वाटत असन तरच."

मी उतरले. साडी पाण्यावर फुग्यासारखी तरंगली, मी घाबरून पाळकसाहेबांची कॉलर धरली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी खाली गेले. क्षणभर काळं, गार, नि:शब्द. वर आल्यावर नव्या मनुष्याचे पहिले उद्गार निघाले, "अगं आई गं, गारठलं मेलं!"

टॉवेल घेऊन हिरवं लुगडं पुढं आलं. खिडकीचं खोटं मात्र जागच्या जागी होतं, पाण्यानं ते नेलंच नव्हतं. "बाई, मला चक्कर येत नाही," मी म्हणाले. "खोटं बोलले. माफ करा."

"ठाऊक हाये. चक्कर येनारी बाई गिला वडा हानते का? आता येकाच गाडीनं परतू. खिडकी माही."

संध्याकाळी मी दांड्याला धरून अमरावतीला आले.

पुढच्या रविवारी अकोल्यात ताट आलं. यांनी घेतलं, ताट माझ्या हातात दिलं आणि मी सवयीनं ते पलीकडे सरकवलं. यांनी माझं मनगट धरलं.

"अवं, घे ना! किती वाट पाहाची मानसानं?"

लग्नापासून मला वाटत होतं, मी देवाला थांबवून ठेवलंय. शेजारी आणखी कोण थांबलं होतं, हे कळायला नांदगावपर्यंत जावं लागलं. मी भाकर घेतली. तुकडा नखाएवढा होता; तो खाल्ला आणि मगच ताट पलीकडच्या बाईला दिलं.